सोर्खाने रांधलेला शब्द

सोर्खा लग्न होऊन लेतिरग्लासला आली त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, पण ती गावची काही झाली नाही. समोरच्या बेटावरून होडीत बसून आली, म्हणून पहिल्या दिवशी ती 'बेटावरची' होती. पुढे आई झाली, विधवा झाली, आजी झाली, तरी 'बेटावरची' ती 'बेटावरची'च. बेट म्हणजे काही सातासमुद्रापार नव्हे. वारा पडलेला असला तर तिथलं कुत्रं भुंकलेलं इथल्या कुत्र्याला ऐकू यायचं आणि ते उत्तरही द्यायचं. कुत्र्यांचं आपसात चालायचं. माणसांचं इतकं सोपं नसतं.

यात मोठा वाटा नणंदेचा. बाबीन ही सोर्खाच्या नवऱ्याची, मार्टीनची, थोरली बहीण. बिनलग्नाची, आईबापांच्या जुन्या घरात राहिलेली. आई गेल्यावर मार्टीनने बहिणीच्या घराशेजारीच नवं घर बांधलं आणि मध्ये एक दगडी गडगा घातला. गडगा कमरेएवढाच होता. बोलणं अडवायला तेवढा पुरत नाही.

सोर्खा नवी नवरी. पहिल्याच सकाळी चुलीपाशी उभी राहून म्हणाली, "बटाट्याला कढ आला." तिच्या बेटावर कढ येण्याला जो शब्द होता तोच तिनं वापरला. बाबीन हसली. वाईट हसली असं नाही, लहान मुलाच्या बोबड्या बोलाला हसतात तशी हसली.

"आमच्यात असं नाही म्हणत हं, वहिनी."

मग बटाट्याचा कढ काय, खेकडा काय, दव काय, पावसात भिजलेलं गवत काय, सोर्खाने तोंड उघडलं की बाबीन ते शब्द तांदळातल्या खड्यासारखे वेचून बाजूला ठेवू लागली. मार्टीन बिचारा वाडग्यातल्या रश्श्याकडे बघत म्हणायचा, "दोन्ही बरोबर आहे." दोन बायांच्या मध्ये 'दोन्ही बरोबर आहे' म्हणणारा माणूस कधी कुणाच्या उपयोगी पडला आहे? हळूहळू सोर्खाने बेटावरचे शब्द मनातच ठेवले. परसात कोंबड्यांशी तेवढी ती बेटाच्या बोलीत बोले. कोंबड्या नावं ठेवत नाहीत.

आणि बाबीनची कीर्ती तर वाढतच गेली. कुणाकडे मेंढ्या असतात तसे तिच्याकडे शब्द होते. डब्लिनहून, गॉलवेहून शिकलेली माणसं आवाज टिपायचं यंत्र घेऊन यायची, ती थेट बाबीनच्या विस्तवापाशी जाऊन बसायची. मग बाबीन गडग्यावरून हाक मारायची, "वहिनी, पाहुण्यांना जरा चहा आणतेस का गं? मला उठता येत नाहीये." सोर्खा चहा नेऊन द्यायची, पाव नेऊन द्यायची. तिला कुणी विचारलं तर एवढंच, की साखर आहे का.

मार्टीन गेला. मुलगा बॉस्टनला, मुलगी ल्यूटनला. नातवंडं फोनवर इंग्रजीत बोलायची आणि सोर्खा त्यांना आपल्या भाषेत विचारायची, जेवलास का रे. पलीकडे शांतता. मग सून येऊन सांगायची, तो म्हणतोय हो. सोर्खाला कळायचं, तो काही म्हणत नाहीये.

घर रिकामं झालं तशी तिनं उन्हाळ्यात भाषा शिकायला येणारे पाहुणे ठेवायला सुरुवात केली. आमच्या किनाऱ्यावर घरोघरी हा उद्योग चालतो. पोरंटोरं यायची, आपल्याच आजोबांची भाषा शिकायला परगावी यायची, आणि सोर्खाकडून जे शिकायची ते एवढंच: जेव. बूट बाहेर काढ. दार लाव. मोजे ओले आहेत का? पुन्हा जेव. इतक्या माणसांचं करायचं म्हटल्यावर दुसरं बोलायला बसतंय कोण? गेल्या कित्येक उन्हाळ्यांत सोर्खा पाहुण्यांबरोबर टेबलाशी बसली नव्हती.

मग रानवा आली.

ही पोरगी नव्हती, तिशीची बाई होती. फेरो बेटांवरची, उत्तरेकडची. इतकी उंच की दारातून येताना देवाला नमस्कार करावा तशी वाकायची. ती नुसती भाषा शिकायला आली नव्हती. जुन्या काळी होड्यांबरोबर कुठला शब्द कुठल्या किनाऱ्यावरून कुठे गेला, याचा ती माग काढत होती. सोर्खाला हे ऐकून हसू आलं. हरवलेल्या मेंढीचा माग काढतात, शब्दाचा कसला? पण पहिल्या रात्री रानवाने खारवलेलं मटण हाडासकट चाटून पुसून खाल्लं आणि आणखी आहे का विचारलं, तेव्हाच सोर्खाने तिला मनातल्या मनात पास करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला रानवाने बाहेरच्या खडकांकडे बोट केलं. तिथं एक सील ऊन खात पडला होता.

"मावशी, त्याच्या त्या पुढच्या पंखाला तुम्ही काय म्हणता?"

"हात म्हणतो. 'लाव'. तुझा नि माझा हात तोही 'लाव' आणि त्याचाही. देवाने त्याला वेगळा शब्द दिला नाही."

रानवाने चमचा खाली ठेवला. "आमच्याकडे माणसाच्या हाताला वेगळाच शब्द आहे. पण सीलच्या त्या पंखाला आम्ही 'लामुर' म्हणतो. तो तुमचा 'लाव' आहे, मावशी! हजार वर्षांपूर्वी तुमच्या किनाऱ्यावरची कुणी तरी बाई आमच्याकडे गेली असेल. राजीखुशीनं गेली की दोरीनं बांधून नेली, देव जाणे. तिथं तिचं बाकीचं बोलणं विसरलं गेलं. पण तिचा हात आमच्या सीलला चिकटून राहिला."

सोर्खा हातातला तवा तसाच धरून उभी होती. मग तिनं तो चुलीवर ठेवला, खुर्ची ओढली आणि टेबलाशी बसली. लग्नाच्या दिवशीची होडी तिच्या डोळ्यापुढे आली. परक्या किनाऱ्यावर जाऊन एक तरी शब्द टिकवला त्या बाईनं, नशीबवान म्हणायची.

"आणि ताक?" तिनं विचारलं. "ताकाला काय म्हणता तुम्ही?"

ताकाचा शब्दही इथूनच गेलेला निघाला. बैलाचाही. त्या सकाळी अंडी करपली आणि सोर्खाला त्याचं काही वाटलं नाही. पुढे रोज न्याहारीला दोघींचा हाच धंदा. सोर्खाने इतकी वर्षं कोंबड्यांना ऐकवलेले बेटावरचे शब्द एकेक करून बाहेर येऊ लागले आणि ही उंच पोर त्यांना 'असं नाही म्हणत' म्हणत नव्हती. ती म्हणायची, "पुन्हा म्हणा ना, मावशी."

आमच्या देशात साप नाहीत असं म्हणतात. नसतील. पण आयत्या बिळावर नागोबा होऊन बसणारी माणसं आहेतच. एके दिवशी बाबीन गडग्यापाशी आली, हातात अंडी घेऊन. सोर्खाकडे कोंबड्या असताना तिला अंडी कशाला? पण आली.

"ही का गं तुझी शब्दवाली?" बाबीनने विचारलं, आणि रानवाकडे वळून भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी क्षणभर थबकतं ना, त्या थबकण्याचा एक शब्द तिच्यापुढे टाकला. गळाला आमिष लावावं तसा. मासा लागला. रानवा गडगा ओलांडून गेली. तिला ओलांडायला काय, एक टांग पुरे.

तेव्हापासून संध्याकाळ झाली की रानवा बाबीनकडे. जेवणाच्या वेळेला सोर्खा दारात उभी राहायची आणि बाबीनच्या धुराड्याकडे बघायची. बाबीन एरवी उन्हाळ्यात संध्याकाळी विस्तव मोठा करत नसे, पीटची, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीची, ढेकळं जळणाला जपून वापरायची. आता धूर असा निघत होता की जणू पोप निवडायचा आहे! इकडे बांगडे तव्यावर वाळून चामडं व्हायचे.

"उशीर झाला का, मावशी?" रानवा वाकून आत यायची. "बाबीनमावशींनी आज इतकं दिलं, इतकं दिलं!"

बाबीनमावशी! 'मावशी' ही पदवी आपल्या एकटीची आहे असं सोर्खा समजत होती. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"जेव," ती म्हणाली. "त्यांनी शब्द दिले, जेवायला नाही ना दिलं?"

"नाही, चहा सुद्धा नाही. मी बोलायला लागले की त्या विसरतात."

"विसरत नाही ती. तिला उठता येत नाही," सोर्खा म्हणाली, आणि मासा असा वाढला की ताट दणाणलं.

एकदा रानवाने श्वास आत ओढत 'हो' म्हटलं, आमच्याकडच्या म्हाताऱ्या म्हणतात तसं. बाबीनची तर ती खोडच. सोर्खाच्या काळजात सुरी फिरली. माझ्या घरात झोपते, माझा पाव खाते आणि जिभेवर बाबीन? "हे कुठून उचललंस?" तिनं विचारलं. "आमच्याकडेही आज्या असंच म्हणतात," रानवा म्हणाली. सोर्खाचा विश्वास बसला नाही. मत्सराचं असं असतं, त्याला पुरावा लागत नाही आणि दिलेला पुरावा चालतही नाही.

आणि एका संध्याकाळी तो प्रकार घडला.

पाऊस लागला होता. सोर्खा चुलीशेजारच्या खुर्चीत बसून मोजे विणत होती. रानवा बाबीनकडून आली, भिजलेली, चेहरा उजळलेला. सोर्खा तिच्यासाठी उठली आणि रानवा त्याच खुर्चीत बसली.

"अहाहा! खुर्ची गरम आहे. मावशी, आज बाबीनमावशींनी नांगर वळवायच्या जागेला एक शब्द दिला, कुठल्या कोशात नाही तो. त्या म्हणाल्या, असले शब्द आता ह्या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणाकडे मिळायचे नाहीत."

"असं म्हणाली?"

"हो."

सोर्खाने टोपावरचं झाकण काढलं, परत ठेवलं. आणि तिच्या तोंडून निघालं, कुठून निघालं ते तिलाही कधी कळलं नाही, "तू आत्ता माझ्या शास्नाखमध्ये बसली आहेस, ते तरी ठाऊक आहे का तुला?"

"कशात?"

"शास्नाख." दुसऱ्यांदा म्हटल्यावर तो जरा खरा वाटला. "माणूस उठून गेल्यावर खुर्चीत त्याची ऊब मागे राहते ना, ती. का? बाबीनने नाही सांगितला?"

रानवा बसल्या जागी ताठ झाली. तिला कसला आनंद झाला! "शास्... मावशी, होडीत वल्हेकरी बसतात त्या आडव्या फळीला तुमच्याकडे 'शास'च म्हणतात! आणि आमच्या जुन्या भाषेत तिलाच 'सेस'! उत्तरेचे लोक ती फळी घेऊन आले इथे. एक वल्हेकरी उठायचा, दुसरा त्याच्या जागी बसायचा, फळी अजून गरम..." तिच्या डोळ्यांपुढे ती सगळी होडी दिसत होती. सोर्खालाही दिसायला लागली. इतकी छान होडी बघून 'अगं, मी थाप मारली' म्हणायला जीभ रेटेना. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी रानवा बाबीनचा नांगर पार विसरली होती. सोर्खाने त्या संध्याकाळी तिला मलईचा तिसरा वाटा वाढला.

पण रानवाचा एक नियम होता. एका घरचा शब्द ती धरत नसे. दुसऱ्या घरी, कुठून आला ते न सांगता, विचारायचं. त्यांनाही ठाऊक असेल तरच तो शब्द. सोर्खाला हा नियम माहीत होता. तिनं मनाशी म्हटलं, बरंच झालं. बाबीन 'ऐकला नाही' म्हणेल, पोर ते सोडून देईल, कुणाचं काही जाणार नाही. उलट बाबीनला एक शब्द ठाऊक नव्हता हे तरी पोरीला दिसेल.

दुसऱ्या दिवशी रानवा धावतच आली.

"ठाऊक होता! बाबीनमावशींना ठाऊक होता!"

सोर्खाच्या हातून झाकण पडलं आणि फरशीवर गोल गोल फिरत बसलं.

"काय म्हणाली ती?"

"आधी त्यांनी चिमट्याने विस्तव सारखा केला. मग म्हणाल्या, 'शास्नाख! पोरी, कितीतरी दिवसांनी ऐकला. आमची आई रोज म्हणायची.' त्यांच्याकडे तर म्हण पण आहे, मावशी. बापाच्या शास्नाखमध्ये बसेल तो पोर बापाआधी म्हातारा होईल! आणि त्या म्हणतात दोन जाती असतात, माणसाची आणि मांजराची. मांजराची जास्त टिकते."

सोर्खा खाली वाकून झाकण शोधत राहिली, ते पायाशीच होतं तरी. सासूबाई! त्या माउलीच्या हाताखाली सोर्खाने अकरा वर्षं काढली होती. त्यांनी जन्मात असलं काही म्हटलं नव्हतं. म्हणजे बाबीन ढळढळीत खोटं बोलली. आणि ते सांगायचं तर आधी आपलं खोटं सांगायला हवं. पण सोर्खाला सगळ्यांत जास्त कशानं टोचलं म्हणाल? म्हण चांगली होती. मांजराची गोष्टही चांगली होती. थाप सोर्खाची, आणि थापेतही बाबीन पुढे!

ते आठवडाभर तिच्या पोटात राहिलं, कच्च्या कणकेसारखं.

शनिवारी रानवाला गॉलवेला जायचं होतं. तिच्या गुरुजनांपुढे ती होड्यांच्या शब्दांवर बोलणार होती. शुक्रवारी जेवण झाल्यावर ती म्हणाली, मावशी, तुम्हाला म्हणून दाखवते, कुठे अडखळले तर सांगा. सोर्खा टेबलाशी बसली. रानवा उभी राहून बोलत होती आणि खरोखर सुरेख बोलत होती. सीलचा हात आला, ताक आलं. मग शास्नाख आला.

"...हा शब्द लेतिरग्लासच्या बाबीनबाईंच्या घरचा. त्यांच्या आईकडून त्यांच्याकडे आला..."

"थांब," सोर्खा म्हणाली. "तुला तो कुणी सांगितला?"

"पहिल्यांदा तुम्हीच. पण तुम्ही मूळच्या बेटावरच्या ना, मावशी? बाबीनमावशींकडे म्हण आहे, त्यांच्या आईची आठवण आहे. म्हणजे शब्द ह्या गावचा. तुमच्याकडे तो लग्नानंतर आला असणार. म्हणून नाव त्यांचं."

पोरीच्या मनात काही वाकडं नव्हतं. तिनं आपल्या शास्त्राप्रमाणे बरोबर हिशेब लावला होता. पण सोर्खाच्या डोक्यात चाळीस वर्षं साचलेलं सगळं एकदम उकळून वर आलं.

"माझ्याकडे लग्नानंतर आला? अगं, तो माझ्याकडे पावसाच्या त्या संध्याकाळी आला, हे झाकण हातात धरून उभी होते तेव्हा! माझा आहे तो! बाबीनच्या आईने नाही, तिच्या आजीने नाही, कुणीही कधी तो म्हटलेला नाही. मी रचला, इथे, ह्या चुलीपाशी!"

बोलून झालं आणि मग ती काय बोलली ते तिला ऐकू आलं.

रानवा हळूच बसली. "रचला?"

"तू तिचे शब्द घेऊन यायचीस," सोर्खा म्हणाली. आवाज आता बारीक झाला होता. "रोज. मला वाटलं, माझाही एक असावा."

रानवा उठली, दाराशी वाकायचं विसरली, कपाळ आपटलं, तशीच बाहेर गेली आणि गडगा ओलांडून पलीकडे गेली. थोड्या वेळाने परत आली तेव्हा चेहरा दुधासारखा पांढरा.

"बाबीनमावशी म्हणतात, शब्द खरा आहे. म्हणतात, तुम्ही जळफळाटानं बोलताय. आता मी कुणाचं ऐकू?"

सोर्खाने एप्रन सोडला, खुंटीला लावला आणि मार्टीनच्या तेराव्यानंतर, म्हणजे आमच्याकडे महिन्याची प्रार्थना असते त्यानंतर, पहिल्यांदा नणंदेच्या घरी गेली. दार वाजवलं नाही.

बाबीन विस्तवापाशी बसली होती. "ये," ती म्हणाली. "चहाला आलीस? मला उठता येत नाहीये."

"वन्सं, पुरे झालं ते उठता येत नाही. काल कोंबडं पळालं तर त्याच्या मागे चर्चपर्यंत धावलात की. आईंनी कधी म्हटलं हो शास्नाख?"

"म्हटलं असेल. तुला काय ठाऊक, तू बेटावर..."

"अकरा वर्षं त्यांचे पाय चेपलेत मी! झोपेत काय बोलायच्या तेही ठाऊक आहे मला."

बाबीन चिमट्याने ढेकळं इकडून तिकडे करत राहिली. एक ढेकूळ तिनं तीनदा हलवलं.

"मग काय सांगायचं होतं तिला?" ती शेवटी म्हणाली. "ठाऊक नाही म्हणायचं? उभ्या जन्मात मी कधी 'ठाऊक नाही' म्हटलेलं नाही. ती माणसं यंत्र घेऊन येतात, माझ्या तोंडाकडे बघत बसतात. ठाऊक नाही म्हटलं की उठून दुसरीकडे जातात. आणि शब्द तुझ्याकडचा, ते कळलंच मला. ती सांगत नाही, पण तुझ्या घरून आली की तिच्या अंगाला तुझ्या तळलेल्या बांगड्यांचा वास येतो."

"म्हणून आईंच्या नावावर खोटं?"

"तू बोलू नकोस खोट्याचं. तू तर आख्खा शब्द रांधलास. मी नुसतं मीठ टाकलं." मग बाबीनचा आवाज बदलला. "वहिनी, तुला काय कमी आहे गं? सकाळी ती तुझ्या टेबलाशी, रात्री तुझ्या छपराखाली. तिचे मोजे तू वाळवतेस. माझ्याकडे येते ती दुकानात यावं तशी. घेतलं आणि गेली. माझे शब्द संपले की मी कोण? तुझ्या भिंतीपलीकडून दोघींचं हसणं ऐकू येतं मला न्याहारीला. काय हसता एवढं?"

सोर्खाला हे कधी सुचलंच नव्हतं. आपण जिच्यावर जळतो तीही आपल्यावर जळत असेल, हे माणसाला का सुचत नाही कुणास ठाऊक. तिनं पाहिलं, बाबीनच्या टेबलावर एक उष्टा कप होता, आणि शेजारी पाहुणीसाठी मांडलेला दुसरा, झाकून ठेवलेला, कोरडा.

"ताकावरून हसतो," सोर्खा म्हणाली. "तिच्या आजीच्या ताकावरून. मोठी गोष्ट आहे. चला, उठा."

"कुठे?"

"तिला सांगायला. तुम्ही तुमचं सांगा, मी माझं सांगितलंय. उद्या भल्या माणसांपुढे तोंडघशी पडेल ती."

"मला उठता..."

"वन्सं!"

बाबीन उठली.

रानवा सोर्खाच्या टेबलाशी बसली होती, तशीच. दोघी तिच्यापुढे उभ्या राहिल्या, चोरी पकडलेल्या शाळकरी पोरींसारख्या, एक बुटकी, एक जाडी. बाबीनने सांगितलं. सांगताना ती जमिनीकडे बघत होती. म्हणही आपणच रचली, मांजरही आपलंच, हे सगळं तिनं कबूल केलं. सोर्खाने मध्ये म्हटलं, "म्हण चांगली होती पण." बाबीनने तिच्याकडे असं पाहिलं की कुणी तिला पहिल्यांदाच चांगलं म्हटलं असावं.

रानवा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "ती होडी मला इतकी आवडली होती. त्यात माझ्या बेटावरची माणसं होती आणि तुमचीही." मग म्हणाली, "आणि आता तुमचे दोघींचे बाकीचे शब्द मी कसे धरू? नांगराचा, थबकलेल्या पाण्याचा? प्रत्येकाला दोन घरं लागतात, आणि माझी दोन घरं तुम्हीच होता."

"आणि 'लाव'?" सोर्खाने विचारलं.

"तो राहील. तो सगळ्यांच्या तोंडात आहे."

सगळ्यांच्या! सोर्खाला वाटलं होतं तो आपला आहे.

शनिवारी रानवा गॉलवेला गेली आणि त्या दोघींपैकी कुणाचंही नाव न घेता बोलून आली. आली ती पुन्हा सोर्खाकडेच उतरली, आपलं पांघरूण आपण घडी केलं, वाढलं ते खाल्लं, 'आभारी आहे' म्हणाली. आभारी आहे! घरच्या माणसानं आभारी आहे म्हटलं की समजावं, काही तरी तुटलंय. आणि संध्याकाळी ती गडग्याकडे वळलीच नाही. ती खाली धक्क्यावर गेली.

धक्क्यावर फेस्टी असतो. शेवंडं धरणारा, एकटा जीव, तोंडात पाईप आणि पाईपच्या मागे फारसं काही नाही. रानवाने त्यालाच धरलं. तो जाळी दुरुस्त करत बसायचा, ती शेजारी उलट्या बादलीवर. दोघांची डोकी जवळ, तिचे लांब गुडघे हातभर वर.

तिसऱ्या दिवशी बाबीन सोर्खाच्या स्वयंपाकघरात आली. दार वाजवून आली, बसली, आणि सोर्खाने न विचारता चहा ओतला.

"फेस्टी," बाबीन म्हणाली.

"फेस्टी," सोर्खा म्हणाली.

"त्याच्याकडे आहेत किती शब्द? सात. त्यातले तीन फादरसमोर बोलता येत नाहीत."

"चार, वन्सं. वादळात त्याची होडी उलटली तेव्हा मी होते किनाऱ्यावर."

"आणि त्याची आई तर टूआमची! तिकडे कुठला समुद्र? ती काय शिकवणार त्याला?"

"काल तिला खारवलेला लांगा मासा दिला म्हणे त्यानं. कागदात गुंडाळून."

"दिला?" बाबीनने कप खाली ठेवला. "ह्या गावात जन्म गेला माझा, त्याने मला कधी शेपूट नाही दिलं."

दोघी मिळून फेस्टीवर अशा जळत होत्या की पूर्वी एकमेकींवर जळलेलं त्यापुढे काडीची आच वाटावी. त्याच्या पाईपपासून त्याच्या बनियनपर्यंत सगळं त्यांनी धुऊन वाळत घातलं. चहा दुसऱ्यांदा झाला. असं चाललेलं असतानाच रानवा वाकून आत आली. अंगाला आमिषाचा वास, आणि चेहरा बऱ्याच दिवसांनी उजळलेला. दोघींना एकत्र बघून ती दारातच थांबली. मग टेबलाशी आली, बसली.

"एक विचारू?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात अजून जरा गार वारा होता. "धुक्यात शेवंडाच्या सापळ्याचा दोर ओढताना हाताला तो जड लागतो, पण वर आल्यावर आत शेवंड नसतंच. त्या फसव्या वजनाला काही शब्द ऐकलाय का तुम्ही?" आणि तिनं एक शब्द उच्चारला. लहानसा, खारट, नीटनेटका शब्द.

सोर्खाने तो जिभेवर फिरवून पाहिला. बेटावर तिचा बाप जन्मभर दोर ओढत होता. काही तरी म्हणायचा तो, नक्की म्हणायचा. हाच म्हणायचा का? हाच असला तर किती बरं झालं असतं! एकदा 'हो' म्हटलं की पोर 'पुन्हा म्हणा ना, मावशी' म्हणेल, तिसरी मलई, सगळं परत. शेजारी बाबीनने दीर्घ श्वास आत घेतला. तो 'हो' म्हणायच्या आधीचा श्वास होता, सोर्खाने चाळीस वर्षं ऐकलेला. टेबलाखाली तिनं नणंदेच्या पायावर पाय दिला, चांगला जोरात.

"नाही गं," सोर्खा म्हणाली. "मी नाही ऐकला."

रानवाने बाबीनकडे पाहिलं.

बाबीनचं तोंड दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. जन्मात न उच्चारलेलं वाक्य बाहेर काढायला वेळ लागतोच. "मलाही ठाऊक नाही," ती म्हणाली, आणि लगेच पुढे, "तसं फेस्टीला तरी ठाऊक आहे का, ते तू नीट विचारून घे, पोरी. त्याच्या आईचं गाव टूआम."

रानवा हसली नाही. पण तिनं 'आभारी आहे' असंही म्हटलं नाही. ती म्हणाली, "मावशी, बटाटे उरलेत का?"

सोर्खा उठली.